नऊ बावन्नची स्लिप

स्लिप सर्व्हरवर पोचली तेव्हा सकाळचे नऊ वाजून बावन्न मिनिटं झाली होती. ज्या बैलगाडीची ती स्लिप, ती गाडी साडेआठपासून साखर कारखान्याच्या गेटबाहेर उभी होती. मागून आलेल्या एकतीस गाड्या तिच्या आधी आत गेल्या. गाडीवानाने गेटवरच्या क्लार्कला शिव्या दिल्या, क्लार्कने त्या स्लिप पाठवणाऱ्या चिटबॉयला फोनवरून पोचवल्या, आणि दुपारी बाराच्या सुमारास त्या जरा सभ्य भाषेत सोलापुरात आमच्या ऑफिसात आल्या.

मी सोलापुरातल्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. एकोणीस वर्षं झाली. कंपनीत बारा माणसं आहेत. ऑफिस एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. आमचे मालक श्रीनिवास सर यांच्या वडिलांचे खाली माग होते, त्यातले काही अजून चालतात. माग चालू असले की फोनवर ओरडून बोलावं लागतं. त्यामुळे आमच्याकडे कोणत्याही क्लायंटची तक्रार गुप्त राहत नाही.

त्या दिवशीची तक्रारही सगळ्यांनी ऐकली. श्रीनिवास सर फोन ठेवून माझ्या टेबलापाशी आले.

"सुरेखा मॅडम, जगताप साहेबांचा फोन होता. स्लिपा उशिरा यायल्यात म्हणे. सर्व्हर मोठा घ्या म्हणतात."

"सर्व्हर रिकामा बसलाय, सर."

"मग उशीर कुठं होतोय?"

"बघते."

"बघा, पण लवकर बघा. पुढच्या महिन्यात कराराचं रिन्युअल आहे."

कारखाना सहकारी, मोडनिंबच्याही पुढे. नाव देत नाही. जगताप साहेब तिथले शेती अधिकारी. कोणाचा ऊस कधी तोडायचा, तोडणी मजुरांची कोणती टोळी कोणत्या फडात, म्हणजे उसाच्या शेतात, पाठवायची, हे सगळं त्यांच्या खात्यात येतं. आमचं ॲप त्यांच्याच खात्यासाठी होतं.

ॲपचं काम तसं सोपं. फडात ऊस तोडून गाडी भरली की त्या भागाचा चिटबॉय फोनवर स्लिप करतो. शेतकरी कोण, प्लॉट कोणता, गाडीचा नंबर काय, एवढंच. चिटबॉय हा कारखान्याचा हंगामी कर्मचारी. नावात बॉय असलं तरी यातले बरेच जण पन्नाशीकडे झुकलेले असतात. त्यांनी केलेली स्लिप सर्व्हरवर आली की कारखान्याच्या गेटवर गाडीला नंबर मिळतो. नंबर मिळाला की वजनकाटा, आणि काट्यानंतर गव्हाण, म्हणजे ऊस गाळपासाठी टाकायची जागा. स्लिप आली नाही तर नंबर नाही. गाडी उभी, बैल उभे, आणि तोडलेला ऊस उन्हात वाळत राहतो.

नंबर लागतो तो स्लिप सर्व्हरवर पोचल्याच्या वेळेप्रमाणे, फोनवर तयार झाल्याच्या वेळेप्रमाणे नाही. हे आम्ही ठरवलेलं नव्हतं. एका हंगामात काही जणांनी फोनचं घड्याळ मागे करून नंबर पुढे लावले होते. तेव्हा जगताप साहेब म्हणाले होते, "फोनचं घड्याळ कुणाच्याबी हातात असतंय. तुमच्या सर्व्हरचं तरी न्हाय की."

मी लॉग उघडला. लॉग म्हणजे सर्व्हरची नोंदवही. कोणत्या फोनने कधी काय मागितलं, सर्व्हरने किती माल पाठवला, किती वेळ लागला, हे सगळं त्यात उतरतं. उशिराच्या स्लिपा बहुतेक एकाच गटातल्या होत्या. त्या गटात अकरा चिटबॉय. त्यांतही सर्वात उशीर महादेव कांबळे या नावापुढे दिसत होता. नऊ बावन्नची स्लिप त्यांचीच.

स्लिप स्वतः फार लहान असते, एसएमएसपेक्षा थोडी मोठी. ती अडकत होती ती तिच्या आधीच्या रिक्वेस्टमागे. ॲप उघडलं की ते आधी सर्व्हरकडून शेतकऱ्यांची यादी मागायचं. पूर्ण यादी उतरल्याशिवाय स्लिपची स्क्रीन उघडायची नाही. आणि ती यादी चौदा एमबीची होती.

चौदा एमबी ऐकायला फार वाटत नाही. सोलापुरात रिक्षात बसून माणूस त्याच्या कितीतरी पट व्हिडिओ बघतो. पण फडात फोनवर कधी एक दांडी असते, कधी तीही नसते. उतरता उतरता रेंज गेली की आमचं ॲप पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. मधेच थांबून पुढे चालू ठेवण्याची अक्कल आम्ही त्याला दिली नव्हती.

यादीत काय होतं ते मी पाहिलं. कारखान्याचा प्रत्येक सभासद. फक्त त्या गटातला नाही, सगळ्या गटांतला. प्रत्येकाचे सगळे प्लॉट, उसाची जात, लागणीची तारीख, मागच्या पाच हंगामांची नोंद, विहिरीचा प्रकार. महादेव कांबळेंना रोज साधारण वीस नावं लागत. दळणाला पायलीभर ज्वारी हवी असताना आम्ही रोज अख्खं पेव उपसून त्यांच्या दारात ओतत होतो.

मी जगताप साहेबांना फोन लावला.

"साहेब, प्रत्येकाच्या फोनवर फक्त त्याच्या गटाची नावं ठेवू या."

"न्हाय जमायचं."

"का?"

"पहिल्या वर्षी तुमी तसंच केलं होतं. एका संचालकाचे मेहुणे दुसऱ्या गटातल्या फडावर उभे होते. चिटबॉयला म्हणाले, माझी तोड कधी हाय बघ. त्यो म्हणाला, तुमचं नाव माझ्या फोनात न्हाय. मेहुण्यांचं नाव न्हाय! लई झालं मग. तवापासून प्रत्येक फोनात प्रत्येक नाव पायजे."

"विहिरीचा प्रकार कोणी विचारतं का?"

"आजवर तर न्हाय विचारला."

"मग तो काढू?"

"काढा. पण नाव एकबी कमी झालं न्हाय पायजे."

नावं सगळी ठेवली. बाकीचं मी छाटलं. विहिरी गेल्या, जुने हंगाम गेले. सर्व्हरकडून निघताना माल दाबून लहान करायची सोय असते, तिला कॉम्प्रेशन म्हणतात. ती आमच्याकडे कधीपासून बंद होती आणि का, हे कोणालाच सांगता आलं नाही. ती चालू केली. यादी एकदम न पाठवता तुकड्यांनी पाठवायची केली. शेवटचं आणि महत्त्वाचं काम म्हणजे डेल्टा सिंक. यादी फोनवर एकदा पोचली की दुसऱ्या दिवशी फक्त कालपासून बदललेल्या ओळी पाठवायच्या. वर्तमानपत्र रोज नवं छापतात, यादीला त्याची गरज नसते.

या सगळ्याला नऊ दिवस लागले. ऑफिसातल्या फोनवर पाहिलं. पूर्ण यादी दोन एमबीत येत होती. दुसऱ्या दिवशीचा बदल काही केबीत. ॲप तीन सेकंदांत उघडत होतं. श्रीनिवास सरांनी स्वतः घड्याळ लावून बघितलं, पुन्हा बघितलं, आणि खाली जाऊन चहा सांगितला.

मी जगताप साहेबांना ईमेल केला. "डेटा ट्रान्सफरचा प्रश्न दुरुस्त झाला आहे. आता स्लिप पोचायला सॉफ्टवेअरकडून विलंब होणार नाही." सोबत एक रिपोर्ट जोडला. प्रत्येक चिटबॉयच्या फोनवरून सकाळी पहिली रिक्वेस्ट किती वाजता आली, त्यानंतर स्लिप किती मिनिटांत आली, असा. जगताप साहेबांना कागद आवडत. मीही हौसेने चांगला सुबक रिपोर्ट केला होता.

आठ दिवसांनी महादेव कांबळेंचा मला फोन आला. त्यांच्याशी याआधी बोलल्याचं मला आठवत नव्हतं. त्यांना मात्र माझा नंबर पाठ असावा.

"मॅडम, जयभीम. महादेव बोलतोय, चिटबॉय. मला मेमो मिळालाय."

"कशाबद्दल?"

"वाचून दावतो. 'सॉफ्टवेअर कंपनीच्या अहवालानुसार आपण सकाळी पावणेनऊच्या आधी ॲप उघडत नसल्याचे निदर्शनास आले आहे. आपण फडावर उशिरा हजर राहून कर्तव्यात कसूर केली आहे. सात दिवसांत खुलासा करावा.' मॅडम, मी साडेपाचला फडावर असतो की. टोळीला विचारा."

मी रिपोर्ट काढला. त्यांच्या फोनवरून सर्व्हरला पहिली रिक्वेस्ट रोज पावणेनऊ, आठ पन्नास, नऊ अशी आली होती. माझी दुरुस्ती झाल्यावरही. इतरांच्या सकाळी सहाच्या आसपास.

"तुम्ही ॲप किती वाजता उघडता?"

"सहाला. पाण्याच्या टाकीपाशी रेंज लागते, तितं जातो."

"सर्व्हरवर तर तसं दिसत नाही."

कागदाची घडी केल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "मॅडम, चौदा हंगाम झाले मला. औंदा कायम करायची यादी निघायलीय. सात जागा हायत, माझा नंबर तिसरा. मेमोवाल्याचं नाव त्या यादीत घेत न्हाईत."

कायम होणं म्हणजे काय, हे कारखान्याच्या पट्ट्यात सांगावं लागत नाही. हंगामी माणसाला गाळप संपलं की पाच-सहा महिने घरी बसावं लागतं. कायम माणसाला बारा महिने काम असतं. महादेव कांबळे अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. पुढची यादी कधी निघेल, ते कोणालाच माहीत नव्हतं.

मी श्रीनिवास सरांना सांगितलं की मला फडावर जाऊन बघायचं आहे.

"कशाला? सॉफ्टवेअर तर नीट झालंय ना?"

"ऑफिसात झालंय."

"मॅडम, तुम्ही तक्रारीचं तिकीट क्लोज केलं. जगताप साहेब खूश आहेत. आता तुम्हीच जाऊन ते उघडायलाव."

"त्या माणसाला माझ्या रिपोर्टवरून मेमो मिळालाय."

ते टेबलावरचा पेन फिरवत राहिले. "एक दिवस जा," म्हणाले. "गाडी घेऊन जा. पण साहेबांना सांगू नका."

पहाटे निघून मी सहाच्या आधी पोचले. महादेव कांबळे फडाच्या कडेला उभे होते. गळ्यात मफलर, खिशात एक छोटी वही. दोन बैलगाड्या भरून तयार होत्या, तिसरी भरत होती. मोळ्या डोक्यावर घेऊन बायका गाडीवर चढत होत्या. साडेपाचला फडावर असतो, हे ते खरंच बोलत होते. टोळीच्या मुकादमाने न विचारता साक्ष दिली.

"हे आमच्या आधी येत्यात. चुलीला जाळ लागायच्या आत हे हजर."

मग माझ्याकडे बघून म्हणाला, "कंप्युटरवाल्या मॅडम तुमीच व्हय? तुमच्या कंप्युटरपेक्षा आमचा बैल बरा. हाक मारली की उठतोय तरी."

गाड्या स्लिपविना निघाल्या. भरलेल्या गाडीला जुंपलेले बैल ताटकळत ठेवता येत नाहीत. ऊन चढायच्या आत अंतर कापावं लागतं. गाडी पुढे जाते, स्लिप मागून सर्व्हरवर जाते, गेटवर दोघींची गाठ पडते. योजना अशी होती. महादेव कांबळेंनी गाड्यांचे नंबर, प्लॉट आणि वेळ वहीत लिहून घेतली. मग आम्ही दोघं पाण्याच्या टाकीकडे गेलो. टाकीच्या कठड्यापाशी उभं राहिलं की दोन दांड्या येतात, बसलं की एक.

त्यांनी फोन काढला. आमच्या ॲपच्या चिन्हावर बोट दाबून धरलं. चिन्ह थरथरलं. त्यांनी ॲप काढून टाकलं.

मी विचारलं, "हे काय केलंत?"

"आंघोळ."

"कसली आंघोळ?"

"ॲपची. रोज सकाळी घालतो की. जुनं काढायचं, ताजं घ्यायचं. मग अडकत न्हाय. आमच्या गटात सगळे घालत्यात."

ते प्ले स्टोअरमध्ये गेले. ॲप पुन्हा मागवलं. गोल चकती फिरायला लागली. अडतीस एमबी. दोन दांड्या, मधूनच एक. सहा वाजून चौदा मिनिटं झाली होती.

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

त्यांनी खिशातली वही काढली. मागची पानं उलटली. मागच्या हंगामातलं एक पान माझ्यापुढे धरलं. अक्षर नीट, शाळामास्तरांसारखं. "ॲप अडकले. सोलापूर ऑफिसात फोन केला. सुरेखा मॅडम म्हणाल्या, ॲप काढा, परत टाका. तसे केले. चालले."

मला तो फोन आठवला नाही. पण ते वाक्य माझंच होतं. दिवसाला असे दहा फोन येत, आणि दहापैकी आठांना मी तेच सांगत असे. तो त्या दिवसापुरता उपाय होता. महादेव कांबळेंनी तो कायमचा धरला. ते गटातले सर्वांत जुने, म्हणून बाकीच्या दहांना त्यांनीच शिकवला. हळूहळू तो सगळ्या गटांत पसरला. सकाळी एकमेकांना फोन करून चिटबॉय विचारायचे, "घातली का आंघोळ?" ज्यांच्याकडे रेंज चांगली, त्यांची आंघोळ पाच मिनिटांत उरकायची. ज्यांच्याकडे नाही, त्यांच्या गाड्या गेटवर उभ्या राहायच्या.

टाकीपाशी उभं राहून मी हिशेब जुळवला. माझी सगळी दुरुस्ती एका गोष्टीवर उभी होती. यादी एकदा फोनवर पोचली की तिथेच राहील. ॲप काढलं की त्याच्यासोबत यादीही जाते. म्हणजे यांच्यासाठी रोजचा दिवस पहिलाच. रोज पूर्ण यादी. त्यातून माझ्या तुकड्यांनी भरच घातली होती. प्रत्येक तुकड्यासाठी फोनने मागायचं, सर्व्हरने द्यायचं, अशा पन्नास फेऱ्या. कमी रेंजमध्ये मालापेक्षा फेऱ्याच जास्त वेळ खातात. आणि सगळ्यात जड ओझं, ते अडतीस एमबीचं ॲप, आमच्या सर्व्हरवरून येतच नव्हतं. ते प्ले स्टोअरवरून येत होतं. माझ्या लॉगमध्ये त्याची एक ओळही नव्हती. महादेव कांबळे सहाला फोन हातात घेऊन उभे राहत. पावणेनऊला ॲप उतरून होई. सर्व्हरला पहिली रिक्वेस्ट तेव्हा येई. मी सुबक रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, पहिली रिक्वेस्ट पावणेनऊ. जगताप साहेबांनी वाचलं, माणूस पावणेनऊला उगवतो.

लॉगमध्ये एक खूण मात्र होती आणि ती मी पाहिलेलीही होती. त्या गटात रोज अकरा नवे फोन दिसत, कारण ॲप नव्याने टाकलं की सर्व्हर तो फोन नवाच मोजतो. आम्ही त्याचा अर्थ ॲपचा वापर वाढतोय असा घेतला होता. श्रीनिवास सरांनी मागच्या मीटिंगमध्ये त्याचा आलेख कारखान्याला दाखवला होता. आलेख वर जाणारा होता. कौतुक झालं होतं.

ॲप उतरायला आठ एकेचाळीस झाले. तोवर मधे दोनदा रेंज गेली. महादेव कांबळे एकदाही चिडले नाहीत. मीच दोनदा बसले.

"उद्यापासून आंघोळ घालू नका," मी म्हटलं.

"आता नको म्हणताय व्हय?"

"हो. माझी चूक झाली तेव्हा."

"चूक कशी? चाललं होतं की तवा." मग म्हणाले, "बाकीच्यास्नी तुमीच फोन करून सांगा. मी सांगितलं तर म्हणतील, हेला मेमो आलाय, आता ह्यो काय शिकवतोय."

दहाही जणांना मी टाकीपाशीच फोन केले. त्यातल्या एकाने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग अडकलं तर काय करायचं?" त्याचं उत्तर माझ्याकडे तयार असायला हवं होतं. नव्हतं.

ऑफिसात परतल्यावर पुढच्या चार दिवसांत ते केलं. यादी उतरायची वाट न बघता स्लिपची स्क्रीन आधी उघडेल, असं केलं. स्लिप आधी जाईल, यादी मागून सावकाश येईल. यादीतही त्याच्या गटाची नावं पहिल्यांदा, बाकीची नंतर. संचालकांचे मेहुणे शेवटी का होईना, पण येणार. तुकडे मोठे करून फेऱ्या कमी केल्या. रेंज गेली तर जिथे थांबलं तिथूनच पुढे सुरू होईल, असं केलं. ॲपमध्ये 'अडकलंय' असं एक बटण दिलं. ते दाबलं की जे बिघडलं असेल तेवढंच साफ होतं. यात काही नवीन तंत्रज्ञान नव्हतं. पहिल्या दिवशीच करण्यासारखी कामं होती. त्यानंतर महादेव कांबळेंच्या स्लिपा ते टाकीपाशी पोचले की मिनिटभरात यायला लागल्या.

मेमोच्या खुलाशाला आता एकच दिवस उरला होता. मी श्रीनिवास सरांना सांगितलं की मी कारखान्याला पत्र देते.

"काय लिहिणार?"

"रिपोर्ट चुकीचा वाचला गेला, कारण मी तो अर्धवट लिहिला. उशीर ॲपमुळे झाला. ॲप रोज काढायचा सल्ला आमच्या ऑफिसनेच दिला होता."

"आमच्या ऑफिसने असं लिहू नका."

"मग 'मी दिला होता' असं लिहिते."

"मॅडम, पंधरा दिवसांवर रिन्युअल आहे. बारा माणसं आहेत इथं. तोंडी सांगा की साहेबांना. तोंडी सांगितलेलंही माणसं ऐकतात."

"मेमो लेखी आहे, सर."

खाली मागांचा खडखडाट चालू होता. त्यांनी टेबलावरची लेटरहेडची गड्डी खणात टाकली. शेवटी म्हणाले, "कंपनीच्या लेटरहेडवर नको. तुमच्या नावावर द्या." मी साध्या कागदावर लिहिलं. सही केली. हुद्दा लिहिला.

जगताप साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे महादेव वेळेवर येत होता?"

"साडेपाचला."

"मला वाटलंच होतं. जुना माणूस हाय."

"मग मेमो मागे घ्याल?"

"मागं कसा घेणार? जावक नंबर पडलाय त्याला. कार्यकारी संचालकांकडं प्रत गेलीय. दिलेला मेमो मागं घ्यायची आपल्याकडं पद्धत न्हाय."

"पण तो चुकीचा आहे."

"तुमचं पत्र त्याच्या फायलीला लावतो की. खुलासा मान्य, असा शेरा मारतो."

"कायमच्या यादीचं काय?"

त्यांनी चष्मा परत लावला. "यादी समितीपुढं जाते. समिती फाईल बघते. फाईलमध्ये पत्रबी हाय, मेमोबी हाय. बघू."

समितीने फाईल पाहिली. यादी निघाली तेव्हा तीत सात नावं होती, महादेव कांबळेंचं नव्हतं. विचारात न घेतलेल्या नावांची वेगळी यादी जोडलेली होती. तीत प्रत्येकापुढे कारणाचा रकाना. महादेव कांबळे यांच्या नावापुढे लिहिलं होतं, "विलंब, तांत्रिक." पत्र नसतं तर नुसतं "विलंब" असतं. "तांत्रिक" हा शब्द माझ्या पत्राने आला. पत्राचा उपयोग एवढाच झाला.

आमचं रिन्युअल झालं. स्लिपा वेळेत पोचत असल्याचा उल्लेख कराराच्या टिपणीत होता.

महादेव कांबळेंना यादीची बातमी माझ्याआधीच कळली होती. तरी मी फोन केला. मागे कुठेतरी ट्रॅक्टर चालू होता.

"मॅडम, एक विचारू का?"

"विचारा."

"तांत्रिक म्हंजे चूक माझी का तुमची?"

"आमची."

"मग ती माझ्या नावापुढं का लिहिलीय?"

 उत्तराची त्यांनी वाट पाहिली नाही. गाडी भरत आली होती, स्लिप करायची होती. "बरं, ठेवतो," म्हणाले. त्यांची स्लिप चाळीस सेकंदांनी सर्व्हरवर आली.

तेव्हापासून मी दोन गोष्टी बदलल्या. फोनवर उपाय सांगितला की तो किती दिवसांसाठी आहे, तेही सांगते. आणि ईमेलमध्ये 'दुरुस्त झालं' असं लिहीत नाही. किती फोन पाहिले, कुठे उभं राहून पाहिले, आणि काय पाहिलेलं नाही, एवढंच लिहिते. ईमेल लांबतो. श्रीनिवास सर म्हणतात, असं लिहिल्यावर क्लायंटला वाटतं आपल्यालाच खात्री नाही.

खात्री नसतेच.